स्कूटरवाल्यांचा ग्रुप

दोन राजकीय पक्षांच्या दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांपायी बाबा आणि काका यांच्यात सहा महिने अबोला होता. एकाच घरात! "काकाला सांग, मीठ दे," असं बाबा मला सांगायचे, आणि काका अगदी समोर बसलेला. शेवटी मीच डोकं चालवलं. दोघांच्या जुन्या स्कूटरी एकाच कंपनीच्या, म्हणून त्या स्कूटरवाल्यांच्या ग्रुपमध्ये दोघांनाही घातलं. आठव्या दिवशी काका ओरडला, "दादा, ग्रुपवरचा हा फोटोतला हेल्मेटवाला आपल्या स्कूटरला डबडं म्हणतोय!"

"थांब, दोघं मिळून सोलून काढू त्याला!" म्हणत बाबा चक्क काकाला खेटून बसले. मला तर नाचावंसंच वाटलं!

आईने मागून वाकून हेल्मेटवाल्याचा फोटो निरखला.

"अहो, कुणाला सोलून काढताय? माझा भाऊ आहे तो!"