निघताना उघडणारी खिडकी

"चार महिन्यांत दोनशे चौदा पाहुणे, काकू." रश्मीने पडद्यावर, वेबसाइटच्या पानाच्या तळाशी दिसणारा आकडा दाखवला; पान उघडलं की तो एकाने वाढे. "आणि फोन किती आले?"

"येकच. त्यो बी राँग नंबर हुता."

मालनबाई भंडारदऱ्याहून सकाळच्या एसटीने संगमनेरला आल्या होत्या. धरणाजवळ त्या चार खोल्या पर्यटकांना भाड्याने देत. खोल्यांची वेबसाइट रश्मीनेच आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बनवली होती. नव्याण्णवची दिवाळीही रिकामी गेली, तर कुलूप लावून भावाकडे राहायला जायचं मालनबाईंनी ठरवलं होतं.

"चूक माझीच," रश्मी म्हणाली. "पान उघडलं की लगेच ही छोटी खिडकी येते. पॉपअप. दारातच नाव-पत्ता विचारला की माणूस वैतागतो. आता ती निघताना उघडू. पान बंद केलं, की 'थांबा! भाड्यात सूट!'"

"नगं. निघालेल्याला मागून हाक मारू न्हाई."

रश्मी हसली. "काकू, हा कॉम्प्युटर आहे."

"म्होरं मानूसच बसलेलं असतंय की."

मालनबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "आमचा ल्योक संदीप घर सोडून निघाला, तवा हाक पार तोंडाशी आल्ती. गिळली. अपशकुन नगं म्हनून."

"मग?"

"सा वर्सं झाली."

रश्मीने 'थांबा' पुसलं. 'सूट'ही पुसलं. "तुम्हीच सांगा, काय लिहू?"

मालनबाई खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकल्या.

"लिव्ह. जेवून जा."

"एवढंच?"

"खाली फोन नंबर टाक."

रश्मीने तसं केलं आणि पान बंद करून पाहिलं. पान गेलं. मोकळ्या पडद्यावर मधोमध छोटी चौकट आली : जेवून जा.

"जमलं!" तिने घड्याळ पाहिलं. "चला, तुमची गाडी चुकेल."

"आजून येकदा दाव."

रश्मीने दाखवलं. मग मालनबाईंनी माउस स्वतःकडे ओढला. पान उघडलं, बंद केलं. खिडकी आली. पुन्हा उघडलं. पुन्हा बंद केलं.

बाहेर स्टँडावर गाडीचा हॉर्न वाजला. त्या उठल्या नाहीत.

पानाच्या तळाशी पाहुण्यांचा आकडा दोनशे एकतीसवर गेला होता.