तिसरा महिना

कापलेल्या शर्टांचा गठ्ठा टेबलावर चढवायचा होता. सिद्धेश्वरीने तो पायाने मशिनजवळ सरकवला आणि शेजारच्या सोनमला हाक मारली.

"तेवढा वर घे की गं."

सोनमने गठ्ठा उचलून टेबलावर टाकला. हे काम ती बरेच दिवस मुकाट्याने करत होती. आज मात्र कमरेवर हात ठेवून हसत उभी राहिली.

"अक्का, कळलं बरं का आमाला."

"काय कळलं?"

"जड उचलायचं न्हाय. घडीघडीला बाथरूमला पळायचं. दवाखान्यापायी कामाला दांडी. आता सांगूनच टाका, पेढे का बर्फी?"

जेवणाची सुट्टी झाली होती. शाळेच्या गणवेशाच्या त्या कारखान्यात बाया खाली फरशीवर गोल करून बसल्या होत्या. सगळ्या एकदम हसल्या. कुणीतरी म्हणालं, "पोरगी दहावीला अन् आता पाळणा! दाजी लई हुशार निघालं."

सिद्धेश्वरीच्या पोटात काही नव्हतं. गर्भपिशवीच्या तोंडावर खराब पेशी सापडल्या होत्या आणि डॉक्टरांनी तेवढा भाग काढून टाकला होता. कॅन्सर नाही, पुढे होऊ नये म्हणून काढलं, असं त्यांनी नीट समजावलं. महिनाभर जड उचलू नका. थोडे डाग दिसतील, घाबरू नका. आता विसरून जा, आणि सहा महिन्यांनी तपासणीला या. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच तिचा नवरा आदिनाथ म्हणाला होता, "झालं की मग." त्यानंतर त्याने विषय काढला नाही. बाथरूमला ती जात होती ते डाग बघायला. नसला की थोडा वेळ बरं वाटायचं. मग परत जाऊन बघावंसं वाटायचं.

ती गोलात येऊन बसली. डबे मधे उघडलेले होते. इथे कुणी आपल्याच डब्यातलं खात नाही. तिच्या वांग्याच्या भाजीत आधीच दोन हात गेले होते.

काज करणाऱ्या सारजाबाईला गेल्या वर्षी छातीत गाठ निघाली. ऑपरेशन करून ती कामावर परतली तेव्हा सगळ्यांनी विचारपूस केली. तिच्या डब्यात मात्र कुणाचा हात गेला नाही. ठरवून कुणी काही केलं नव्हतं. पुढे सारजाबाई मशिनवरच जेवू लागली आणि दिवाळीनंतर आली नाही.

"न्हाय गं, तसलं काय न्हाय," सिद्धेश्वरी म्हणाली. पुढे काय सांगायचं ते तिने मनात बऱ्याचदा जुळवलं होतं. "पिशवीच्या तोंडावर जरा" इथपर्यंतच ते जुळायचं.

"पयलं समद्या असंच म्हणत्यात," दानम्मा म्हणाली. ती अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी, कॉलर लावायची, वयाने सगळ्यांत मोठी. तिने पिशवीतून स्टीलची डबी काढली. कैरीच्या फोडी होत्या, तिखटमीठ लावलेल्या. "घे यव्वा. घरनं कापून आणलिया, तुझ्यासाठी."

म्हणजे कालच सगळ्यांचं बोलणं झालेलं होतं.

डबी तिच्या हातात आली. बाया तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने एक फोड खाल्ली. आंबटाने डोळ्यांत पाणी आलं.

"बगा, बगा, कशी खातीया!" सोनमने टाळी वाजवली.

"तारीख कवाची दिलिया?" दानम्माने विचारलं.

"सहा महिन्यांनी बोलावलंय," सिद्धेश्वरी म्हणाली. ते खरं होतं.

सोनमने बोटांवर हिशेब केला. "नवातनं सहा गेले... तिसरा लागला की!"

मग कुणी तिच्या भाकरीवर दही वाढलं. कुणी उठून तिला पंख्याखालची जागा दिली. पालथं झोपू नको म्हणून एकीने सांगितलं, तर पपई खाऊ नको म्हणून दुसरीने. तिने कुणालाच अडवलं नाही. पोट दिसलं नाही की दोनेक महिन्यांत विचारतील. तेव्हा टिकलं नाही, असं सांगता येईल. त्या बातमीला बायका जवळ येतात. घरी डबा पाठवतात, पाठीवरून हात फिरवतात, एकटं बसू देत नाहीत.

तिने दुसरी फोड घेतली.

सुट्टी संपल्याची बेल झाली. डब्यांची झाकणं लागली. बाया आपापल्या मशिनकडे निघाल्या. दानम्मा तेवढी मागे राहिली. तिने सिद्धेश्वरीच्या तोंडावरून दोन्ही हात ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"पोरगं होऊ दे, न्हायतर पोरगी होऊ दे. सुखरूप सुटका झाली म्हंजे बास."

सिद्धेश्वरीने तिचं मनगट धरलं. दवाखान्यातून आल्यापासून तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

"काय म्हणलात?"

"सुटका होऊ दे म्हणलं, सुखरूप. का गं?"

"परत एकदा म्हणा की, मावशी."

दानम्माला हसू आलं. पहिलटकरणीसारखं काय करतेस, अशा नजरेने तिने पाहिलं. तोवर एकामागून एक सगळ्या मशिनी सुरू झाल्या होत्या. दानम्माचे ओठ हलले. सिद्धेश्वरीला काही ऐकू आलं नाही.