खालची तीन भोकं

"पप्पा, एवढ्या जोरात ओढू नका. सूर गुदमरतो," लिडिया म्हणाली.

"गुदमरणं तू मला शिकवू नकोस," बस्त्याव फणकारला. फुप्फुसाच्या दुखण्यानंतर त्याचा माउथ ऑर्गन कपाटातच पडून होता. त्याआधी वसईतल्या लग्नांत त्याने उंच सुरांत गाणी वाजवून टाळ्या लुटल्या होत्या. आता लेकीच्या ब्लूज बँडमधल्या बास गिटारवाल्याने हात मोडून घेतला, म्हणून त्याच्या वाट्याला आली होती डावीकडची तीन भोकं. तीही फुंकायची नाहीत, श्वास आत ओढून वाजवायची. गाणं तिचं, याचा नुसता खर्ज. हे काय वाजवणं झालं?

चर्चच्या मैदानात गाणं सुरू झालं. पहिल्याच फेरीत त्याने सवयीने जोर लावला आणि सूर अडकला. लिडियाने गाता गाता दचकून मागे पाहिलं. तिच्या पायाखालची जमीनच सरकली होती.

त्याने खांदे सैल सोडले. डॉक्टरीणबाई रोज घ्यायला सांगायच्या, तसा पोटापासून सावकाश श्वास घेतला. खर्ज घुमला. मग पुढचा, त्याच्या पुढचा, भरल्या गाडीच्या बैलासारखा संथ. लिडियाचा आवाज त्यावर पाय रोवून उभा राहिला.

टाळ्या तिलाच पडल्या. "दम लागला का हो?" तिने वाकून विचारलं. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की गाणंभर त्याला दमाची आठवणसुद्धा झाली नव्हती.

"तू गा," बस्त्याव म्हणाला, "खाली मी आहे."