तिसरा सेट

पाण्याचा तांब्या पुढे करत काळूराम खाली मान घालून पुटपुटला, "पद्मा, आता सोड. साहेबांची पुतणी हाय. जिंकू दे तिला."

पद्मानं तांब्या घेतला नाही. घाम पुसून ती तशीच कोर्टावर परतली. एकेक सेट दोघींनी जिंकला होता. तिसरा उरला होता.

तसं काळूरामला कुणी काही सांगितलं नव्हतं. क्लबाचे मोठे साहेब सकाळी हसत एवढंच म्हणाले होते, "पुतणी उद्या पुण्याला परत जायची. जरा खुशीत जाऊ दे." तेवढ्यानंच तो काय ते समजला. उमेदीची सगळी वर्षं त्यानं मुंबईच्या एका जिमखान्यात पगारी खेळाडू म्हणून काढली होती. पगारी खेळाडूंच्या स्पर्धेत तो पहिला आला होता. पण रोज संध्याकाळी गोऱ्या साहेबांशी खेळायचं आणि त्यांना कळू न देता हरायचं, पगार मिळायचा तो त्याचाच. स्वराज्य आलं, गोरे गेले, आणि काळूराम अलिबागच्या क्लबात टेनिस शिकवायला आला. नागावच्या वाडीवाल्या अण्णांची पद्मा त्याच्याच हाताखाली तयार झाली. या पोरीला सगळं शिकवायचं, हरायला मात्र शिकवायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

पद्मा हरली. शेवटचा चेंडू जाळ्यात अडकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी काळूरामच्या पाठीवर थाप मारली. ती त्याला फटक्यासारखी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सायकल दामटत नागावला गेला. पद्मा वाडीत विहिरीपाशी एकटी बसली होती. डोळे सुजलेले.

"पोरी, माझं चुकलं," काळूराम म्हणाला. "तू माझा शब्द राखलास. किती सफाईनं हरलीस! कुणाला शंकासुदिक आली न्हाय. पण मी तुला तसं सांगायला नको हुतं."

पद्मानं मान वर केली.

"मी तुमचं ऐकलंच नाही, मास्तर. जीव तोडून खेळले. ती माझ्यापेक्षा चांगली खेळली."

पोर आपलं मन राखतेय, असं काळूरामला वाटलं. "व्हय गो, व्हय," तो म्हणाला.

पद्मा उठून उभी राहिली.

"बघा, तुम्हालासुद्धा खरं वाटत नाही. मी खरंच हरले होते, मास्तर. तेवढं तरी माझं राहू द्यायचंत."