खळ्यावरचा वारा

कंपनीच्या आवारात पवनचक्की बसवण्याआधी त्या जागेचा जुना वारा तपासत. चाचणीच्या खोलीत तारीख सांगितली, की त्या दिवशीचा वारा जसाच्या तसा पुन्हा सुटे.

आज इंजिनीअर शालनने तीस वर्षांपूर्वीची एक दुपार मागितली. तेव्हा इथे तिच्या घरचं खळं होतं आणि तिचे वडील, आप्पा, वाऱ्यावर ज्वारी उफणत होते. त्यांची ती शेवटची सुगी.

वारा सुटला.

“मॅडम, मधोमध वारा अडतोय,” बाहेर संगणकाच्या पडद्याकडे बघत तिचा मदतनीस इरफान म्हणाला. “माणसाएवढं काहीतरी आहे. चूक असणार. पुसून टाकू?”

“हात लावू नकोस.”

खळ्यात पायताण घालून जायचं नसतं. शालन सँडल काढून आत गेली आणि घोंघावत्या वाऱ्यातून वाट काढत त्या अडथळ्यामागे जाऊन उभी राहिली.

तिथे तिच्या कपाळावरची बटसुद्धा हलत नव्हती.