बागेतून जाणारी सायकल

रघूला त्या सहीतून मिळण्यासारखं काहीच नव्हतं. वरळीच्या कोळीवाड्यातून मासळीची पेटी सायकलला बांधून तो रोज सकाळी बागेतून थेट पलीकडच्या चाळीत पोचायचा, गिऱ्हाइकं कामाला निघायच्या आत. बागेत सायकल न्यावी की नाही, याचा नियमच नव्हता. सगळं वॉचमन राजारामच्या मनावर. रघूला तो सोडायचा. शनिवारी राजारामच्या घरी चार बोंबील पोचायचे. टॉवरमधल्या कल्पेशची महागडी सायकल मात्र गेटवरच अडायची.

म्हणून कल्पेशने बागेत सायकलींना परवानगी मागणारा अर्ज पालिकेसाठी लिहिला आणि सहीला रघूपुढे धरला.

"मी तर जातोच की," रघू म्हणाला.

"उपकारावर जाता, रघूभाऊ. हक्काने जायला नको? रस्ते, बागा सायकलवाल्यांच्याही आहेत."

हक्क म्हटल्यावर रघूची मान ताठ झाली. कल्पेश दर रविवारी त्याच्याकडून पापलेट घ्यायचा, हेही होतंच. रघूने सही केली, वर अर्ध्या कोळीवाड्याच्या सह्याही त्यानेच गोळा केल्या.

तीन महिन्यांनी गेटवर पाटी लागली : 'सायकलींना प्रवेश आहे. हेल्मेट घालावे. सामान नेऊ नये.' कल्पेशने पाटीशेजारी फोटो काढून घेतला.

दुसऱ्या सकाळी राजारामने रघूपुढे हात आडवा घातला.

"काय रे, रोज सोडतोस ना?"

"तेव्हा नियम नव्हता रे, म्हणून माझं चालायचं. आता पाटीचं चालतं."

शेजारून कल्पेश हेल्मेट घालून आत गेला. रघूने सायकल मुख्य रस्त्याला वळवली. सिग्नल ओलांडत चाळीत पोचला, तेव्हा निम्म्या दारांना कुलपं लागली होती.