शेवटचं कीर्तन

बुवांना वाढताना वैजयंताच्या हातांना पुरणाचा वास येत होता. ऑफिसातून अर्धी रजा काढून, धुणं, मुलांचा अभ्यास उरकत तिने स्वयंपाक केला होता. शेजारच्या देवळातलं कीर्तन मात्र कुकरच्या शिट्ट्यांतून तुटक तुटक ऐकलं. उद्याचं शेवटचं तरी समोर बसून ऐकायचं, या आशेवर ती उभी होती.

पोळीवर तूप पडताच बुवा म्हणाले, "वहिनी, कीर्तनाला दिसला नाहीत? संसारात एवढं गुंतू नये हो!"

"तिला कसली आलीय गोडी!" नवरा म्हणाला. मुलंही फिदीफिदी हसली.

बुवांनी आणखी एक पोळी मागून घेतली. "हात मात्र अन्नपूर्णेचा!"

नवऱ्याची छाती फुगली. "मग उद्याही आमच्याकडेच जेवायचं, बुवा!"

"पेटीवाले, तबलजीही येतील हं, वहिनी."

"येऊ देत की," म्हणत तिने आणखी तूप वाढलं.